‘मर’ म्हणजे नेमकी कोणती मर?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात हरभऱ्यावरील मर रोगाची, म्हणजे उभी झाडे सुकून मरण्याची, बातमी वाचली. तीत नुकसानीचा अंदाज होता, पंचनाम्याची मागणी होती आणि शेवटी ‘मर प्रतिकारक वाण पेरावे, ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करावी’ (म्हणजे ही उपकारक बुरशी पेरणीआधी बियाण्याला चोळावी) हा दरवर्षीचा सल्लाही होता. सल्ल्यात चूक काही नाही. मात्र ‘मर’ हा शब्द त्यात ज्या निःशंकपणे वापरला आहे, तो निःशंकपणा रानात उतरल्यावर टिकत नाही, आणि तेवढ्याच एका गोष्टीसाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागल्यास माझी हरकत नाही.

मी माध्यमिक शाळेत अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर पलूस तालुक्यातील घरची शेती पाहतो. सोयाबीन काढून हरभरा हा आमच्या भागातील सरधोपट फेरा. मीही तोच करतो. दोन वर्षांपूर्वी मी एकाच दुकानातून, एकाच लॉटच्या, ‘मर रोगास प्रतिकारक’ असे छापलेल्या पिशव्या आणल्या आणि वरच्या व खालच्या अशा दोन्ही रानांत त्याच पेरल्या. वरचे रान अखेरपर्यंत हिरवेगार राहिले. ओढ्याकडच्या खालच्या रानात मात्र तिसाव्या-पस्तिसाव्या दिवसापासून झाडे माना टाकू लागली. पाने हिरवी असतानाच शेंडे लोंबत आणि दोन-चार दिवसांत अख्खे झाड वाळून जाई. असे एक झाड उपटून बांधावर बसून मी दाढीच्या ब्लेडने मुळापासून खोडापर्यंत उभे चिरले. मूळ बाहेरून पांढरे, धडधाकट, कुजल्याची खूणही नाही. पण चिरलेल्या फाकीच्या मधोमध मुळातून वर खोडात चढत गेलेली तपकिरी-काळी रेघ स्पष्ट दिसली. झाडाचे पाणी ज्या नळ्यांतून वर चढते त्या नळ्याच बुरशीने तुंबवल्या होत्या. फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीमुळे येणारी खरी मर ती हीच.

तिथून दहा पावलांवर, जिथे सोयाबीनचा काड नीट कुजला नव्हता आणि पाणीही साचत होते, तिथली मेलेली रोपे निराळी होती. त्यांच्या मानेशी, मातीला लागून, पांढऱ्या धाग्यांचे जाळे आणि त्यात मोहरीएवढे तांबूस दाणे दिसत होते. ती मानकूज, तिची बुरशी स्क्लेरोशियम रॉल्फ्साय. पुढे घाटे भरण्याच्या सुमारास ऊन तापू लागले तेव्हा आणखी काही झाडे गवतासारखी पिवळट पडून उभ्या उभ्या मेली. ती उपटायला गेलो तर सोटमूळ कटकन तुटून निम्मे मातीतच राहिले आणि हातात आलेल्या तुकड्यावर तंतुमुळे नावालाही उरली नव्हती. ही तिसरी, म्हणजे कोरडी मूळकूज, मॅक्रोफोमिना बुरशीची. एका रानात, एका हंगामात तीन वेगळ्या बुरशा, आणि गावात तिघींचे नाव एकच: मर. दुकानदारानेही तिन्हींसाठी एकच पुडी काढून दिली. त्याला तरी का दोष द्यावा? त्याच्यासमोर गिऱ्हाईक जो शब्द ठेवते, त्याच शब्दाचे औषध तो देतो.

वास्तविक या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. मानकुजीला आधीच्या पिकाचा काड कुजवणे आणि पाण्याचा निचरा करणे उपयोगी पडते. कोरड्या मूळकुजीत पेरणी लांबू न देणे आणि फुलोऱ्यानंतर ओल तुटू न देणे महत्त्वाचे असते. खऱ्या मरीवर मात्र वाण हाच मुख्य आधार आहे, कारण ही बुरशी हरभऱ्याचे पीक नसतानाही मातीत सहा वर्षांपर्यंत जिवंत राहते आणि बियाण्यातूनही नव्या रानात पोचते. त्यामुळे एक-दोन वर्षे हरभरा न घेण्याने तिचे फारसे बिघडत नाही. हंगामाच्या सुरुवातीला शंभर-दीडशे झाडे ब्लेडने चिरून पाहणे एवढे साधे काम जरी प्रत्येक गावात झाले, तरी निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

उरलेला निम्मा गोंधळ अधिक अवघड आहे. खालच्या रानातला रोग खरी मर होता आणि वाण मर प्रतिकारक होता, तर मग झाडे मेली का? बियाण्यात भेसळ असू शकते, हे मान्य. पण दुसरीही एक शक्यता आहे आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. एकाच बुरशीच्या एकाच जातीत, सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखे दिसणारे, पण कोणत्या वाणाला मारायचे आणि कोणत्या वाणापुढे हार मानायची याबाबत परस्परांहून वेगळे असणारे गट असतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘रेस’ म्हणतात. आमच्या भागात रेस म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर बैलगाड्यांची शर्यत येते, आणि एका शिबिरात हा शब्द उच्चारल्यावर मागून हशाही पिकला होता. तरीही दुसरा रुळलेला मराठी शब्द नसल्याने मी तोच वापरतो.

हरभऱ्याच्या मरीच्या भारतातील चार रेस हैदराबादजवळील पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतील हावरे आणि नेने या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांची पद्धत समजायला सोपी आहे. दहा ठरावीक वाणांची एक ओळ घ्यायची, प्रत्येकावर तीच बुरशी सोडायची आणि कोण मेला, कोण जगला याचा तक्ता मांडायचा. त्या दहांत आपल्या महाराष्ट्रातला जुना ‘चाफा’ होता आणि सीमेपलीकडचा ‘अण्णिगेरी’ही होता. ‘जेजी-६२’ हा वाण चारही रेसना बळी पडतो, म्हणून रानात बुरशी आहे की नाही हे त्याच्यावरून कळते. ‘डब्ल्यूआर-३१५’ हा वाण मात्र तिसऱ्या रेसनेच मरतो, बाकीच्या तिन्हींना दाद देत नाही. याचा अर्थ असा की ‘डब्ल्यूआर-३१५ प्रतिकारक आहे का?’ या प्रश्नाला रानाचा पत्ता विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही. स्पेन, अमेरिका आणि भूमध्य समुद्राकाठचे देश धरून आज या बुरशीच्या आठ रेस मानल्या जातात. त्यांतील काही झाडाला एकदम मान टाकायला लावत नाहीत, तर सावकाश खालून वर पिवळे करत नेतात. पाने पिवळी पडली की आपण ‘लोह कमी पडले’ म्हणून फवारा मारतो, हे इथे आठवावे.

या बुरशीचे लैंगिक पुनरुत्पादन आजवर आढळलेले नाही. तरीही नवी रेस निपजते, ती छोट्या-छोट्या जनुकीय बदलांच्या पायऱ्यांनी. प्रतिकारक वाण म्हणजे एक कुलूप मानले, तर त्याच्या लाखो एकरांवरील लागवडीत बुरशीच्या अगणित बीजाणूंना, म्हणजे तिच्या बीजासारख्या सूक्ष्म कणांना, ते उघडून पाहण्याची संधी मिळते. त्यांतल्या एकालाही जमले तर त्याचीच प्रजा वाढते, कारण बाकीच्यांना त्या रानात खायलाच मिळत नाही. म्हणून वाणाचा प्रतिकार ‘संपला’ असे म्हणताना बिघाड बियाण्यात शोधण्याआधी समोरची बुरशी बदलली आहे का, हे पाहायला हवे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘विजय’ आणि ‘दिग्विजय’ हे वाण आमच्या भागात वर्षानुवर्षे टिकून आहेत, याचे श्रेय विद्यापीठाला मोकळेपणाने दिले पाहिजे. पण जो वाण जितका यशस्वी, तितकी त्याच्यावर नजर ठेवण्याची गरज अधिक.

आता सोयाबीनकडे वळतो, कारण आपल्या भागाचा खरा प्रश्न तिथे आहे. कृष्णा-वारणेच्या काठावरचा पट्टा, म्हणजे सांगली, सातारा, कोल्हापूर आणि त्याला लागून उत्तर कर्नाटक, हा देशातील सोयाबीन तांबेऱ्याचा कायमचा मुक्काम मानला जातो. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेले ‘फुले संगम’ म्हणजे केडीएस-७२६ आणि ‘फुले किमया’ म्हणजे केडीएस-७५३ हे वाण आज आपल्या शिवारात सगळीकडे दिसतात, त्यामागे हेच कारण आहे. नावातील ‘केडीएस’ म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन, हे पुष्कळ शेतकऱ्यांना ठाऊकही नसते. सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यातील उगार खुर्द येथे धारवाडचे कृषी विद्यापीठ तांबेऱ्यासाठी वाण तपासते, तेही या पट्ट्यात रोग हमखास येतो म्हणूनच.

ज्यांनी हा रोग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑगस्टअखेरीस, चार-पाच दिवस झिमझिम पाऊस आणि पहाटे धुके असले की खालच्या पानांच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढे फोड येतात. भिंगाशिवाय ते धुळीसारखे वाटतात. पांढरी विजार घालून अशा सोयाबीनमधून एक ओळ चालून आलात की गुडघ्यापर्यंत विटकरी भुकटी लागलेली असते. त्या भुकटीचा कण न् कण म्हणजे बीजाणू. पंधरवड्यात पाने गळतात आणि शेंगा चपट्या राहतात. फाकोप्सोरा पॅकिरायझी ही त्यामागची बुरशी आणि तिच्याही रेस आहेत. सोयाबीनमध्ये तिला रोखणारी सात जनुकस्थाने आजवर ओळखली गेली आहेत. एखाद्या जनुकाने एका देशात रोग थोपवावा आणि दुसऱ्या देशात तेच जनुक निष्प्रभ ठरावे, असे अनुभव अनेक आहेत. पानावरचा डाग पाहूनही काही अंदाज येतो. फिकट तपकिरी, भरपूर भुकटी सोडणारा फोड असेल तर झाड हरले आहे. गडद लालसर-तपकिरी, जवळजवळ कोरडा डाग असेल तर झाड झुंजत आहे. ‘फुले संगम’च्या पानावर लालसर डागांऐवजी फिकट, भुकटीचे फोड वाढू लागले, तर त्या दिवशी कोणीतरी दखल घ्यायला हवी. ते ‘कोणीतरी’ कोण, हे आज ठरलेले नाही.

या बुरशीच्या आनुवंशिक संचाचा संपूर्ण आराखडा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो भाताच्या संचाच्या सुमारे तिप्पट आहे आणि त्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग जागा बदलत राहणाऱ्या डीएनए तुकड्यांनी भरलेला आहे. स्वतःच्या घरातील सामान सतत हलवत राहणाऱ्या या बुरशीला एकाच औषधाने वर्षानुवर्षे जखडून ठेवता येईल, असे मानणे धाडसाचे होईल. ब्राझीलचा अनुभव समोर आहे. तांबेरा त्या भागात २००१ मध्ये पोचला आणि पुढच्या दीड दशकात तीन वेगवेगळ्या गटांतील बुरशीनाशकांना कमी-अधिक दाद न देणारी बुरशी तिथे नोंदली गेली. त्यांतील ट्रायझोल हा गट आपल्याकडे हेक्झाकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल अशा नावांनी दर हंगामात दोन-दोन, तीन-तीनदा फवारला जातो. डबा वेगळा, कंपनी वेगळी, म्हणून औषध वेगळे असा समज करून घेऊन लोक एकाच गटाची औषधे आलटून पालटून मारतात.

ब्राझीलने आणखी एक गोष्ट केली, तिच्या नेमकी उलट पावले आपल्याकडे पडत आहेत. ही बुरशी जिवंत हिरव्या पानाखेरीज वाढू शकत नाही. म्हणून तिथल्या काही राज्यांनी २००६ पासून वर्षातील दोन-तीन महिने शेतात सोयाबीनचे एकही जिवंत झाड ठेवायचे नाही, असा नियम केला. आपल्याकडे बियाण्याच्या टंचाईमुळे उन्हाळी सोयाबीनला प्रोत्साहन दिले गेले, आणि बियाण्याची गरज खरी असल्याने त्याला मी सरसकट विरोध करणार नाही. पण तांबेऱ्याच्या पट्ट्यात, उसाच्या गारव्यात, उन्हाळ्यातही सोयाबीन हिरवे ठेवणे म्हणजे बुरशीला खरिपापर्यंत पोचण्यासाठी साकव बांधून देणे आहे. बीजोत्पादन करायचेच असेल तर ते या पट्ट्याबाहेर, कोरड्या हवेच्या जिल्ह्यांत करावे, किंवा निदान आपल्याकडील उन्हाळी प्लॉटवर तांबेरा दिसतो का, याची नोंद सक्तीची करावी. माझ्या मते पहिला पर्याय शहाणपणाचा आहे.

हे सगळे अशक्यप्राय वाटत असेल, तर घाटमाथ्यावरच्या एका पाटीकडे लक्ष वेधतो. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्या हजारो लोकांना कल्पनाही नसते की तिथे राहुरी विद्यापीठाचे गहू गेरवा (म्हणजे गव्हावरील तांबेरा) संशोधन केंद्र आहे. गव्हाच्या तांबेऱ्याच्या कोणत्या रेस देशात फिरत आहेत, हे आपल्याला माहीत असते, कारण गेल्या शतकाच्या पूर्वार्धात वनस्पतिरोगतज्ज्ञ प्रा. के. सी. मेहता यांनी हे काम हाती घेतले आणि सिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्रातून ते आजही चालू आहे. दक्षिणेकडील गव्हावरचा तांबेरा निलगिरी-पळणीच्या डोंगरातून वाऱ्याबरोबर येतो, हे मेहतांनीच दाखवले. देशभर ठरावीक वाणांचे छोटे सापळा प्लॉट, म्हणजे कोणता रोग येतो ते पाहण्यासाठीचे तुकडे, लावले जातात, तिथली रोगट पाने सिमल्याला जातात आणि रेसला ‘७७-५’ असा क्रमांक मिळतो. कोणत्या भागात कोणता वाण द्यायचा, याला त्या क्रमांकाचा आधार असतो. गव्हासाठी जे आपण करू शकतो, ते हरभरा, तूर, घेवडा आणि सोयाबीनसाठी जिल्हा पातळीवर का होऊ नये? भाकरीच्या जोडीला डाळ लागतेच.

तुरीच्या मरीची बुरशी, फ्युजॅरियम उडम, हिचे वर्णन तर वनस्पतिरोगतज्ज्ञ बटलर यांनी भारतातच १९१० मध्ये केले आणि तिच्यातही प्रदेशानुसार फरक आढळतो. पण आपल्या भागापुरते जवळचे उदाहरण घेवड्याचे आहे. सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागातील वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले. घेवड्याचा एक करपा कोलेटोट्रायकम लिंडेमुथियानम या बुरशीमुळे येतो, तो बियाण्यातून पसरतो आणि त्याच्या जगभरात शंभराहून अधिक रेस नोंदल्या गेल्या आहेत. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील राजम्यावरही त्यांचे बरेच वैविध्य सापडले आहे. या रेसना नाव देण्याची रीत मला शिक्षक म्हणून फार आवडते. बारा वाणांची ओळ असते आणि प्रत्येकाला १, २, ४, ८, १६ असे दुपटीने वाढत २०४८ पर्यंत मूल्य दिलेले असते. जे वाण रोगाला बळी पडले त्यांच्या मूल्यांची बेरीज म्हणजे रेसचा क्रमांक. पहिला, चौथा आणि सातवा वाण बळी पडला तर १, ८ आणि ६४ मिळून रेस ७३. क्रमांकावरून उलट हिशेब करून कोणते वाण मेले हे आठवीचा विद्यार्थीही सांगू शकेल. वाघ्याचे मानांकन टिकवायचे तर त्याचे बियाणे शेतकऱ्याच्या घरातच राखले जाणार, बाहेरचा वाण आणून भागणार नाही. तेव्हा त्याच्यावर येणाऱ्या करप्याची रेस ओळखणे हे त्या मानांकनाच्या जपणुकीचेच काम आहे.

आता प्रयोगशाळेविषयी थोडे, कारण ‘डीएनए तपासला की झाले’ असे ऐकायला मिळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००१ च्या सुमारासच हरभऱ्याच्या मरीच्या भारतीय रेस डीएनएच्या खुणांवरून वेगळ्या करून दाखवल्या होत्या. हे मोलाचे काम आहे. बुरशी कोणत्या जातीची, हे पीसीआर चाचणी (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखणारी) एक-दोन दिवसांत सांगते आणि वर सांगितलेला तीन मरींचा घोळ तिने सहज सुटतो. रेसचे मात्र तसे नाही. प्रयोगशाळेतील मोजक्या नमुन्यांवर जुळलेली खूण रानातल्या सरमिसळीत दर वेळी जुळेलच असे नसते. शेवटचा निवाडा अजूनही वाणांच्या ओळीवर रोग लावूनच होतो. म्हणून जिल्ह्यात महागडे यंत्र येण्याची वाट पाहण्यापेक्षा ओळी लावायला सुरुवात करणे अधिक बरे. नमुना घेण्याची शिस्तही शिकवायला हवी. आमच्याकडे रोगट पान प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, दोन दिवस मोटारसायकलच्या डिकीत ठेवून नेले जाते आणि तिथे पोचेपर्यंत त्यावर दुसऱ्याच बुरशा माजलेल्या असतात. पान वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवावे आणि त्यावर गाव, वाण, पेरणीची तारीख आणि आधीचे पीक लिहावे, इतके पुरते.

माझी मागणी मोठी नाही. कसबे डिग्रज, कराड आणि कोरेगाव परिसरात हरभरा, सोयाबीन आणि घेवड्याच्या निदर्शक वाणांचे चार-पाच गुंठ्यांचे सापळा प्लॉट दरवर्षी लावावेत, त्यांचा निकाल पुढच्या पेरणीपूर्वी मराठीत प्रसिद्ध करावा आणि बियाण्याच्या पिशवीवर ‘मर प्रतिकारक’ एवढेच न छापता कोणत्या रेसला आणि कोणत्या ठिकाणच्या चाचणीत, हेही छापण्याचे बंधन घालावे. औषधाच्या डब्यावर आपण मात्रा छापतो. प्रतिकाराचीही मात्रा असते.

पाटणचेरूला मरीच्या चाचणीसाठी मुद्दाम रोगट राखलेले रान आहे. दरवर्षी मेलेली झाडे तुकडे करून त्याच मातीत मिसळतात, म्हणजे रोग सगळीकडे सारखा राहतो. असे रान तयार करायला वर्षे लागतात. माझे ओढ्याकडचे खालचे रान त्या बाबतीत बरेच पुढे गेलेले आहे. कोणत्याही सरकारी केंद्राला हवे असल्यास त्यातले दोन गुंठे मी पाच वर्षांसाठी विनामोबदला द्यायला तयार आहे. अट एकच: कोणती रेस निघाली, ते मला आणि शेजारच्या बांधकऱ्यांना सांगावे.

कळावे,

आपला,
एक निवृत्त शिक्षक व शेतकरी
ता. पलूस, जि. सांगली